शांतीचा कष्टकरी : डॉ. राल्फ बंच

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहातून शिकून बाहेर पडलेली मुले-मुली आज शाळा, दवाखाने, बँका, न्यायालये आणि शासकीय कचेऱ्या अशा अनेक ठिकाणी जबाबदारीची कामे करीत आहेत. काही परदेशीही गेली आहेत. त्यांच्या यशाचा आनंद आम्हांस आहेच. परंतु पालकांशी बोलताना एक प्रश्न या ना त्या रूपाने आमच्यासमोर येतो. शिकून मोठ्या पदावर गेलेले मूल समाजाचे उरते का? साऱ्या जगाचे काम अंगावर घेणारा मनुष्य आपल्या माणसांचे ऋण कसे फेडणार? या प्रश्नाला उपदेशाने उत्तर देण्यापेक्षा एका जीवनात ते शोधावे, या हेतूने आम्ही या स्मरणिकेत डॉ. राल्फ बंच यांचे चरित्र थोडक्यात मांडत आहोत. युद्धाच्या आगीत उभे राहून मध्यस्थी करणाऱ्या या कृष्णवर्णीय मुत्सद्द्याचे नाव एकेकाळी जगभर दुमदुमत होते. आज आपल्याकडे ते फारसे कोणाला आठवत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी, ७ ऑगस्ट रोजी, अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात राल्फ यांचा जन्म झाला. वडील केशकर्तनाचा व्यवसाय करीत. आईला संगीताची आवड होती. घरात पैसा नव्हता आणि आजार मात्र होता. आईची प्रकृती सुधारावी म्हणून कुटुंब कोरड्या हवेच्या आल्बुकर्की गावी गेले. तेथे १९१७ मध्ये आईचा मृत्यू झाला. कामाच्या शोधात गेलेले वडील पुन्हा कुटुंबात परतले नाहीत. पोरक्या झालेल्या राल्फ आणि त्यांच्या बहिणीला आईची आई, ल्युसी टेलर जॉन्सन, हिने पदराखाली घेतले आणि ती त्यांना घेऊन लॉस एंजेलिस येथे आली.

ही आजी म्हणजे राल्फ यांच्या जीवनातील पहिले विद्यापीठ होते. शाळेने या मुलाला हाताच्या कामाचे शिक्षण देणाऱ्या वर्गात घातले, तेव्हा ती शाळेत गेली आणि नातवाला महाविद्यालयाकडे नेणारे विषयच शिकवले जावेत, असा आग्रह धरून बसली. पुढे जेफर्सन हायस्कूलमधून १९२२ मध्ये राल्फ सर्वप्रथम आले. तरीही शहरातील गुणवंत विद्यार्थ्यांच्या मंडळात त्यांना प्रवेश मिळाला नाही. कारण एकच, कातडीचा रंग. पदवीदान समारंभानंतर मुख्याध्यापकांनी कौतुकाच्या भरात आजीला सांगितले की, आम्ही राल्फला कधी निग्रो मानलेच नाही. त्यांना तो गौरव वाटत होता. आजीने मात्र तेथल्या तेथे त्यांना सुनावले की, हा गौरव नसून आमच्या साऱ्या वंशाचा अपमान आहे, आणि राल्फला आपल्या वंशाचा अभिमान आहे. तू आमच्यातला, पण तुझ्या लोकांसारखा वाटत नाहीस, हे वाक्य आपल्याकडेही अनेकांनी ऐकले आहे. त्याला काय उत्तर द्यावे, हे त्या वृद्ध स्त्रीने शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले.

लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात राल्फ शिकले ते खेळाडूंच्या शिष्यवृत्तीवर आणि सफाईकामाच्या मजुरीवर. बास्केटबॉलच्या मैदानावर नाव मिळवीत, व्यायामशाळेची झाडलोट करीत त्यांनी १९२७ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेतली. हार्वर्ड विद्यापीठाने पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली, परंतु प्रवास आणि राहण्याचा खर्च कोठून करावा? तेव्हा लॉस एंजेलिसमधील कृष्णवर्णीय वस्ती पुढे झाली. कार्यक्रम भरवून, वर्गणी गोळा करून त्या कष्टकरी माणसांनी १००० डॉलर जमवले आणि आपल्या मुलाला हार्वर्डला धाडले. मूठ-मूठ धान्य आणि रुपया-रुपया वर्गणी यांतून वसतिगृहे कशी उभी राहतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणून त्या हजार डॉलरचे मोल आपल्याला निराळे समजावून सांगावे लागत नाही.

१९२८ मध्ये त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली. त्याच वर्षी आजी निवर्तली. वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या अग्रगण्य विद्यापीठात, ते अध्यापक झाले आणि तेथे राज्यशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. शिकवता शिकवता त्यांनी डॉक्टरेटचे संशोधन चालू ठेवले. विषय होता पश्चिम आफ्रिकेतील फ्रेंच राज्यकारभार. डाहोमे ही फ्रान्सची उघड वसाहत होती. शेजारचा टोगोलँड हा राष्ट्रसंघाच्या देखरेखीखाली फ्रान्सकडे सोपवलेला मुलूख होता. आंतरराष्ट्रीय देखरेखीमुळे तेथल्या माणसाच्या जीवनात खरोखर काही फरक पडतो का, हे त्यांनी प्रत्यक्ष तेथे जाऊन तपासले. फरक फारसा नाही, असे त्यांना आढळले. १९३४ मध्ये या प्रबंधाबद्दल त्यांना डॉक्टरेट मिळाली. अमेरिकन विद्यापीठातून राज्यशास्त्राची डॉक्टरेट मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय होत. पुढे स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिरडाल यांनी अमेरिकेतील वर्णभेदाचा जो प्रचंड अभ्यास हाती घेतला, त्यातही बंच प्रमुख सहकारी होते. त्यासाठी दक्षिणेकडील राज्यांत फिरताना वर्णद्वेषाचे उग्र रूप त्यांनी जवळून पाहिले.

दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेचे जाणकार म्हणून सरकारने त्यांना सेवेत घेतले आणि १९४४ मध्ये ते परराष्ट्र खात्यात गेले. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे संयुक्त राष्ट्रांची सनद तयार होत असताना पारतंत्र्यातील प्रदेशांविषयीची प्रकरणे घडवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. टोगोलँडमध्ये केलेला अभ्यास येथे कामी आला. परतंत्र लोकांचे हित जपणे ही राज्यकर्त्या देशांची जबाबदारी ठरली, आणि विश्वस्त प्रदेशांची पाहणी करण्याचा व तेथील लोकांची गाऱ्हाणी ऐकण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांना मिळाला. विश्वस्त व्यवस्थेखाली आलेल्या ११ प्रदेशांपैकी शेवटचा, पलाऊ, १९९४ मध्ये स्वतंत्र झाला.

येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या निवेदनाची प्रत मागितली होती. अस्पृश्यांचे आणि कृष्णवर्णीयांचे दुःख बाबासाहेब एकमेकांशेजारी ठेवून पाहत होते. त्याच वर्षी बंच संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत रुजू झाले आणि विश्वस्त विभागाचे प्रमुख बनले.

त्यांच्या जीवनाला निर्णायक वळण मिळाले ते पॅलेस्टाईनच्या प्रश्नाने. ब्रिटिश राजवट संपून मे १९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि शेजारच्या अरब राष्ट्रांशी युद्ध पेटले. संयुक्त राष्ट्रांनी स्वीडनचे काउंट फोके बर्नादोत यांना मध्यस्थ नेमले. बंच त्यांचे प्रमुख साहाय्यक झाले. जूनमध्ये तात्पुरती शस्त्रसंधी घडून आली. तिच्यावर देखरेख ठेवण्यासाठी जे निरीक्षक पाठवण्यात आले ते निःशस्त्र होते. बंदूक हाती असलेला निरीक्षक स्वतःच लढाईतला एक पक्ष होऊन बसतो, हे ओळखून घेतलेला तो निर्णय होता. निरीक्षकांची ती संघटना आजही कार्यरत आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी जेरुसलेममध्ये बर्नादोत यांची मोटार अतिरेकी ज्यू गटाच्या बंदूकधाऱ्यांनी अडवली आणि बर्नादोत व त्यांच्या शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल सेरो यांना गोळ्या घातल्या. त्या दिवशी बंच बर्नादोत यांना जाऊन मिळणार होते. वाटेत अडथळे आल्याने त्यांना उशीर झाला आणि ते वाचले. दुसऱ्या कोणी अशा वेळी परतीची वाट धरली असती तर त्याला दोष देता आला नसता. बंच यांनी सहकाऱ्याचे पार्थिव स्वदेशी पाठवण्याची व्यवस्था केली आणि हंगामी मध्यस्थ म्हणून त्यांचे अपुरे काम हाती घेतले.

जानेवारी १९४९ मध्ये भूमध्य समुद्रातील ऱ्होड्स बेटावर, एका हॉटेलात, इजिप्त आणि इस्रायल यांची बोलणी सुरू झाली. बंच यांची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. सर्व अरब राष्ट्रांना एकत्र बसवले तर प्रत्येकाला दुसऱ्यापेक्षा कडक दिसावे लागते, म्हणून त्यांनी एकेका राष्ट्राशी स्वतंत्र बोलणी ठेवली आणि सर्वांत मोठ्या इजिप्तपासून आरंभ केला. सीमा, निर्वासित, जेरुसलेम हे प्रश्न प्रारंभीच काढले असते तर बैठक पहिल्याच दिवशी मोडली असती. त्यांनी आधी केवळ कार्यक्रमपत्रिकेवर दोन्ही पक्षांची संमती घेतली. एका कागदावर दोघांच्या सह्या होऊ शकतात, ही सवय लागावी हा हेतू. दोन्ही शिष्टमंडळांशी ते आधी वेगवेगळे बोलत, मसुदे स्वतः लिहीत, आणि मतभेद अरुंद झाल्यावरच सर्वांना एका मेजाभोवती आणत. बैठका रात्र-रात्र चालत. नेगेव्हमध्ये फालुजा येथे इजिप्तची एक तुकडी वेढ्यात अडकली होती. पुढे इजिप्तचे अध्यक्ष झालेले गमाल अब्देल नासर त्या तुकडीत अधिकारी होते. तिची मानाने सुटका होणे हा इजिप्तसाठी प्रतिष्ठेचा प्रश्न होता. बंच यांनी ते ओळखून त्या प्रश्नाला करारात स्थान दिले.

बोलणी अडली असता त्यांनी केलेली एक युक्ती प्रसिद्ध आहे. त्यांनी बेटावरील कारागिरांकडून बोलण्यांची आठवण म्हणून नक्षीदार थाळ्या बनवून घेतल्या आणि त्या प्रतिनिधींना दाखवल्या. करार झाला तर प्रत्येकाला एक थाळी भेट मिळेल आणि मोडला तर त्याच थाळ्या तुमच्या डोक्यावर फोडीन, असे त्यांनी हसत हसत बजावले. थाळ्या फुटल्या नाहीत. २४ फेब्रुवारी १९४९ रोजी इजिप्त आणि इस्रायल यांच्यात युद्धविराम करार झाला. त्यामागून २३ मार्चला लेबनॉन, ३ एप्रिलला जॉर्डन आणि २० जुलैला सीरिया यांनी इस्रायलशी करार केले.

हे करार म्हणजे कायमचा तह नव्हता. युद्धविरामाची रेषा ही राजकीय सीमा मानू नये, असे करारांतच लिहिलेले होते. घरेदारे सोडून परागंदा झालेल्या सुमारे ७ लाख पॅलेस्टिनी अरबांचा प्रश्न तसाच राहिला, आणि त्याची वेदना आजही संपलेली नाही. बंच यांना या मर्यादेची जाणीव होती. मात्र त्या दिवशी तोफा थांबल्या आणि सैनिक घरी परतले, हेही तितकेच खरे.

अमेरिकेत त्यांचे वीरासारखे स्वागत झाले. अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यांना परराष्ट्र खात्यात साहाय्यक मंत्र्याचे उच्च पद देऊ केले. त्यांनी ते नाकारले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये तेव्हा शाळा, उपाहारगृहे आणि वस्त्या रंगावरून विभागलेल्या होत्या. त्या अपमानात आपली मुले पुन्हा वाढवण्यास ते तयार नव्हते, आणि हे कारण त्यांनी उघडपणे सांगितले. ज्या देशाच्या वतीने जगाशी बोलावयाचे, त्या देशाच्या राजधानीतच आपल्या मुलांना माणूस म्हणून वागवले जात नाही, ही विसंगती त्यांनी झाकून ठेवली नाही.

१९५० मध्ये त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. शांततेसाठी काम करणे हे आपले नेमलेले कर्तव्य आहे, त्याबद्दल बक्षीस कशाला, या भावनेने त्यांनी ते नाकारण्याचे ठरवले होते. संयुक्त राष्ट्रांचे महासचिव त्रिग्वे ली यांच्या आग्रहामुळे त्यांनी ते स्वीकारले. इतक्या गौरवानंतरही १९५४ मध्ये त्यांना देशनिष्ठेच्या चौकशीला सामोरे जावे लागले. तरुणपणी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी ज्या संघटना त्यांनी उभारल्या, त्यांत साम्यवादी होते, एवढाच आधार होता. चौकशी मंडळाने त्यांना निर्दोष ठरवले. उपेक्षित समाजातील माणसाला आपली निष्ठा पुन्हा पुन्हा सिद्ध करावी लागते, हा अनुभव सीमा ओळखत नाही.

१९५६ मध्ये सुएझ कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला. त्या वेळी महासचिव डाग हॅमरशोल्ड यांच्यासमवेत बंच यांनी अवघ्या काही दिवसांत संयुक्त राष्ट्रांची पहिली शांतिसेना उभी केली. भारतासह १० देशांचे सैनिक तीत आले. त्यांना दुरून ओळखता यावे म्हणून शिरस्त्राणांना निळा रंग दिला गेला. तेव्हापासून निळे शिरस्त्राण हे शांतिसैनिकाचे चिन्ह झाले. भारताच्या गावोगावचे हजारो जवान पुढे ते डोक्यावर घालून परदेशी गेले. या शांतिसेनांना १९८८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

सर्वच ठिकाणी यश आले असे मात्र नाही. ३० जून १९६० रोजी काँगो बेल्जियमच्या जोखडातून मुक्त झाला, आणि आठवड्याच्या आतच सैन्यात बंड झाले. बंच तेव्हा राजधानी लिओपोल्डव्हिल येथे होते. बंडखोर सैनिक त्यांच्या हॉटेलात शिरले, तरी त्यांनी शहर सोडले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मोठ्या मोहिमेची प्रारंभीची धुरा त्यांनीच वाहिली. खनिजसंपन्न काटांगा प्रांत चोंबे यांच्या नेतृत्वाखाली फुटून निघाला होता. ऑगस्टमध्ये बंच तेथे गेले आणि रक्तपाताचा धोका पाहून सैन्याचा प्रवेश लांबणीवर टाकावा, असा सल्ला त्यांनी दिला. पंतप्रधान पॅट्रिस लुमुंबा यांचा यामुळे विश्वास उडाला. दोघांचे संबंध बिघडले आणि महिन्याअखेर बंच परतले. जानेवारी १९६१ मध्ये लुमुंबा यांची हत्या झाली. सप्टेंबरमध्ये विमान कोसळून हॅमरशोल्डही मृत्युमुखी पडले. आफ्रिकेच्या मुक्तीसाठी आयुष्यभर अभ्यास केलेल्या माणसाला आफ्रिकेतच सर्वांत कडवट अनुभव यावा, हे त्यांच्या जीवनातील मोठे दुःख होय. त्या मोहिमेवर झालेली टीका सर्वस्वी चुकीची होती, असे म्हणण्यास आम्ही धजत नाही.

हॅमरशोल्ड यांच्यानंतर ब्रह्मदेशाचे ऊ थांट महासचिव झाले. ते श्रद्धावान बौद्ध होते आणि राजकारणात येण्यापूर्वी पांतानाव या गावी शाळेचे मुख्याध्यापक होते. एक शाळामास्तर आणि एक प्राध्यापक अशी ही जोडी पुढील दशकभर जगातील भांडणे सोडवीत राहिली. येमेन, सायप्रस, आणि १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतरच्या शस्त्रसंधीची देखरेख ही सर्व कामे बंच यांनी पाहिली. १९६७ मध्ये नासर यांच्या मागणीवरून गाझा आणि सिनाई येथील शांतिसेना मागे घ्यावी लागली आणि ५ जूनला युद्ध पेटले. अकरा वर्षे जपलेले काम त्यांच्या डोळ्यांदेखत उद्ध्वस्त झाले. त्या धुमश्चक्रीत भारतीय शांतिसैनिकही मारले गेले. तरीही १९७० मध्ये, मधुमेहाने दृष्टी मंदावलेली असताना, बहारीनवरील इराणच्या दाव्याचा प्रश्न त्यांनी गाजावाजा न करता मार्गी लावला. तेथील लोकांचे मत संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीने जाणून घेतले आणि गोळी न झाडता बहारीन स्वतंत्र झाले. जे युद्ध झालेच नाही, त्याची बातमी होत नाही. म्हणून हे यश थोड्यांनाच ठाऊक आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. साठच्या दशकात कृष्णवर्णीय तरुण बंच यांना विचारू लागले की, तुम्ही जगाची भांडणे मिटवता, पण आमच्यासाठी काय केले? गोऱ्यांनी मिरवण्यासाठी ठेवलेला मनुष्य, असे टोमणेही त्यांना ऐकावे लागले. १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधील एका टेनिस क्लबने त्यांच्या मुलाला सदस्यत्व नाकारले. गवगवा होताच क्लबने माफी मागून सदस्यत्व देऊ केले. बंच यांनी ते घेतले नाही. मोठ्या माणसाचा मुलगा म्हणून उघडलेले दार सामान्य कृष्णवर्णीय मुलाला बंदच राहणार होते. १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात ते होते. मार्च १९६५ मध्ये सेल्मा ते माँटगोमेरी या ऐतिहासिक पदयात्रेत, साठी उलटलेले आणि आजारी असलेले बंच डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमवेत पहिल्या रांगेत चालले. जागतिक संघटनेचा एवढा मोठा अधिकारी देशांतर्गत आंदोलनात उतरणे रूढीला धरून नव्हते. त्यांनी ते केले.

हे पुरेसे होते का, यावर मतभेद होऊ शकतात. आमचे मत असे की, समाजाचे ऋण फेडण्याचा मार्ग एकच नसतो. मोर्चात चालणारे पाय लागतात, तसे कराराचा मसुदा लिहिणारे हातही लागतात. परंतु त्या हातांना आपण कोठून आलो, याचा विसर पडता कामा नये. आजीने मुख्याध्यापकांना दिलेले उत्तर बंच विसरले नाहीत, म्हणूनच त्यांनी ट्रुमन यांचे पद आणि क्लबचे सदस्यत्व दोन्ही नाकारले. अपमान सोसलेल्या माणसाने सूडाची भाषा न शिकता दोन शत्रूंच्या मध्ये बसून दोघांचेही ऐकून घ्यावे, यासाठी लागणारे धैर्य रणांगणावरील धैर्याहून उणे नाही.

प्रकृती ढासळल्याने १९७१ मध्ये त्यांनी पद सोडले. ९ डिसेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्या दिवशी आपल्या उपखंडात बांगलादेशाच्या मुक्तीचे युद्ध चालू होते आणि संयुक्त राष्ट्रांत त्यावर खल चालला होता. शांतीचे काम कधीच संपत नाही, ते एकाच्या हातून दुसऱ्याने घ्यावयाचे असते.

लॉस एंजेलिसच्या त्या गरीब वस्तीने जमवलेले १००० डॉलर वाया गेले नाहीत. आपल्या वसतिगृहासाठी ज्यांनी आपल्या घासातला घास दिला, त्या सर्व ज्ञात-अज्ञात दात्यांचे स्मरण करून आम्ही डॉ. राल्फ बंच यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या एखाद्या गावच्या तंट्यात किंवा दूरदेशीच्या युद्धात मध्यस्थ म्हणून उभा राहील, तेव्हा त्याने कार्यक्रमपत्रिकेवरील पहिल्या सहीची ती साधी युक्ती आठवावी, आणि आपल्या आजीचेही स्मरण ठेवावे, एवढीच आमची इच्छा आहे.